अडचणीचा कर
ब्रिटनमधील आश्रयगृहे, स्थलांतरित स्त्रिया आणि सॅनिटरी पॅड

मराठीत मासिक पाळीचे नाव न घेता पाळीबद्दल बोलण्याची रीत जुनी आहे. कावळा शिवला, बाहेरची झाली, बाजूला बसली, आणि शहरात आल्यावर नुसते ‘अडचण आहे’. यातला शेवटचा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. कावळा शिवलेली बाई तीन दिवस चुलीपासून तरी सुटत असे. अडचण असलेली बाई कामावर जाते, गर्दीत उभी राहते, पोरांचे डबे भरते, आणि ही अडचण कोणाच्या लक्षात येऊ नये याची तजवीज तिची तिलाच करावी लागते. या तजविजीला चार गोष्टी लागतात : कापड किंवा पॅड, पाणी, आडोसा आणि हातात थोडे पैसे. डोक्यावर छप्पर असलेल्या बऱ्याच घरांत या गोष्टी कशाबशा जमतात, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. नवऱ्याच्या मारामुळे रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या बाईच्या मात्र चारही गोष्टी एकदम जातात. ती परमुलखात असेल, तिथली भाषा तिला येत नसेल आणि तिचा तिथे राहण्याचा परवानाच नवऱ्याच्या नावाला बांधलेला असेल, तर त्या परत मिळवण्याची वाट सरकारी कायद्यांमधून जाते.

त्या वाटेचा ब्रिटनमधला गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास या लेखात मांडायचा आहे. ब्रिटन निवडण्याचे कारण असे की तिथे दोन स्वतंत्र गोष्टी चालत चालत एका हिशेबवहीत येऊन भेटल्या. एक गोष्ट सॅनिटरी पॅडवरच्या कराची, दुसरी आश्रयगृहांच्या दारातून परत पाठवल्या जाणाऱ्या स्त्रियांची.

धुण्याच्या कापडापासून विकतच्या पॅडपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या साउथॉल ब्रदर्स अँड बार्क्ले या कंपनीने वापरून टाकून द्यायचे ‘सॅनिटरी टॉवेल’ बाजारात आणले. पुढे या लेखात लंडनचे साउथॉल हे उपनगर वारंवार येणार आहे. त्याचा या कंपनीशी संबंध नाही, नावाचा योगायोग तेवढा आहे. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सनचे ‘लिस्टर्स टॉवेल’ १८९६ साली आले. पण माल खपेना, कारण दुकानात जाऊन तो मागायचा कसा, हा प्रश्न होता. पहिल्या महायुद्धात जखमांच्या पट्ट्यांसाठी लाकडाच्या लगद्यापासून केलेला एक शोषक पदार्थ वापरला जाई. इस्पितळातल्या परिचारिकांनी तो आपल्या सोयीसाठी वापरून पाहिला, आणि युद्ध संपल्यावर १९२० मध्ये त्याच मालाचे ‘कोटेक्स’ पॅड झाले. दुकानदाराशी बोलावे लागू नये म्हणून काउंटरवर पेटी ठेवायची, बाईने नाणी टाकायची आणि पुडा उचलायचा, अशी शक्कल कंपनीने काढली. आतल्या कपड्याला चिकटणारे, पट्ट्याशिवायचे पॅड १९७० च्या आगेमागे रूढ झाले.

या बदलाने बायकांचा त्रास खूपच कमी झाला, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यात एक गोष्ट मुकाट्याने बदलली. जुने कापड घरातले होते. जुन्या लुगड्याचे फाडायचे, धुवायचे, वाळवायचे. त्यात लाज होती, आजार होते, पण महिन्याचा रोख खर्च नव्हता. पॅड दर महिन्याला विकत घ्यावे लागते. म्हणजे अडचण आता रोख पैशाला जोडली गेली. आणि घरातला पैसा ज्याच्या हातात, त्याच्या हातात ती गेली.

ब्रिटनमध्ये लग्न होऊन आलेल्या बाईच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. माहेरी असती तर आईकडे, बहिणीकडे, शेजारणीकडे मागता आले असते. इथे भिंतीला भिंत लागलेल्या घरात सासू, दीर आणि नवरा. गच्चीवर कापड वाळत घालायची सोय नाही आणि हवेत ऊनही नाही. दुकानात जायचे तर पैसे मागायचे, पैसे मागायचे तर कशासाठी ते सांगायचे. ब्रिटनच्या २०२१ च्या कौटुंबिक अत्याचार कायद्याने ‘आर्थिक अत्याचार’ ही संज्ञा व्याख्येत घातली, आणि पैसा मिळवण्यावर, वापरण्यावर किंवा वस्तू व सेवा मिळवण्यावर घातलेली बंधने तिच्यात धरली. वस्तू मिळवण्यावरचे बंधन म्हणजे काय, हे कायद्याला कळायला २०२१ उजाडले. पॅडसाठी हात पसरणाऱ्या बाईला ते कधीपासून माहीत होते.

साउथॉल, १९७९

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या कारखान्यांना माणसे हवी होती. पंजाबातून आलेले पुरुष लंडनच्या पश्चिमेला, विमानतळाजवळच्या साउथॉलमध्ये राहू लागले. मागाहून बायका-मुले आली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. त्यातले सुमारे २८ हजार लोक ब्रिटनला आले, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांनी पहिले दिवस जुन्या लष्करी छावण्यांमध्ये काढले. गुजराती कुटुंबांतल्या ज्या बायकांनी कधी घराबाहेर नोकरी केली नव्हती, त्या आता कारखान्यात उभ्या राहिल्या.

ऑगस्ट १९७६ मध्ये वायव्य लंडनमधल्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई यांच्या पुढाकाराने संप सुरू झाला. तो जवळपास दोन वर्षे चालला आणि हरला. तरीही ब्रिटिश कामगार चळवळीच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. साडी नेसलेल्या, ठेंगण्या बांध्याच्या या बाई पोलिसांच्या कड्यासमोर उभ्या असल्याची छायाचित्रे आजही छापली जातात. कामगारांच्या तक्रारींत एक तक्रार अशी होती की स्वच्छतागृहात जायलाही साहेबाची परवानगी मागावी लागते. ही तक्रार पगाराच्या आणि ओव्हरटाइमच्या तक्रारींच्या मागे छापली गेली. पण मोठी माणसे शाळकरी पोरांसारखी बोट वर करून परवानगी मागतात, त्यांत बायका बहुसंख्य आहेत आणि वर बसलेला साहेब पुरुष आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणले की या तक्रारीचे वजन कळते.

दुसरी घटना याहून भयंकर. २४ जानेवारी १९७९ रोजी हीथ्रो विमानतळावर एक भारतीय शिक्षिका उतरली. ती तिथल्याच एका रहिवाशाशी लग्न करणार होती. वाग्दत्त वधूला आगाऊ परवाना लागत नसे, विवाहितेला लागे. ती खरोखरच अविवाहित आहे काय, हे ठरवण्यासाठी अधिकाऱ्यांनी डॉक्टरकडून तिची कौमार्यतपासणी करवली. १ फेब्रुवारीला ‘द गार्डियन’ने बातमी छापली, भारतात संसदेपासून रस्त्यापर्यंत संताप उसळला, आणि ब्रिटिश सरकारने अशा तपासण्या बंद केल्याचे जाहीर केले. पुढे सरकारी कागदपत्रे खुली झाल्यावर अशा तपासण्या ती एकच नव्हती, उपखंडातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही त्या झाल्या होत्या, हे उघड झाले.

या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत. स्थलांतरित बाईच्या शरीरात डोकावण्याचा अधिकार राज्ययंत्रणेने स्वतःकडे घेतला होता. त्याच शरीराच्या महिन्याच्या गरजेची नोंद मात्र कुठल्याच सरकारी रकान्यात नव्हती.

त्याच वर्षी २३ एप्रिलला नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाच्या सभेविरुद्ध साउथॉलमध्ये निदर्शने झाली. पोलिसांच्या मारात ब्लेअर पीच हा शिक्षक मरण पावला, शेकडो लोकांना अटक झाली. त्या धगीत, नोव्हेंबर १९७९ मध्ये, ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संघटना उभी राहिली. त्या काळच्या ब्रिटनमध्ये ‘ब्लॅक’ हा शब्द आशियाई आणि आफ्रो-कॅरिबियन अशा दोन्ही समाजांनी एकत्र लढण्यासाठी घेतलेले राजकीय नाव होता. गोऱ्यांच्या वंशद्वेषाविरुद्ध बोलणाऱ्या या बायकांनी लवकरच घरातल्या मारझोडीविरुद्धही बोलायला सुरुवात केली, आणि मग ‘समाजाची बदनामी करता’ म्हणून स्वतःच्याच समाजातल्या पुढाऱ्यांचा रोष ओढवून घेतला.

या संघटनेचे नाव देशभर झाले ते किरणजीत अहलुवालिया यांच्या खटल्यामुळे. दहा वर्षांच्या छळानंतर त्यांनी १९८९ मध्ये नवऱ्याला पेटवले. त्यात तो मेला आणि त्यांना जन्मठेप झाली. संघटनेने चालवलेल्या मोहिमेनंतर १९९२ मध्ये अपील मंजूर होऊन त्या सुटल्या. दीर्घ छळाने माणसाचे काय होते याचा विचार इंग्लंडच्या न्यायालयांना या खटल्यापासून नव्याने करावा लागला.

आश्रयगृहाचे दार

छळातून सुटलेल्या बाईसाठी घर, ही कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या जोगिणींकडे राहिल्या, तिथे त्यांनी अनाथ आणि ‘पतित’ मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठीचे काम जवळून पाहिले, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. ब्रिटनमधले आधुनिक आश्रयगृह त्यानंतर खूप उशिरा, १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी यांनी उघडले. पुढच्या दहा वर्षांत अशी घरे देशभर झाली.

आशियाई बायकांना या घरांत सुरुवातीला फार अडचणी आल्या. स्वयंपाकघर सामायिक, त्यामुळे मांसाचा प्रश्न. स्नानगृह सामायिक, त्यामुळे आडोशाचा प्रश्न. आणि बरोबर राहणाऱ्या गोऱ्या बायकांकडून होणारी हेटाळणी. पाळीच्या दिवसांत अंघोळ कधी करायची, कपडे कुठे धुवायचे, देवापुढे जायचे की नाही, याबद्दल प्रत्येकीचे नियम वेगळे. भेट म्हणून आलेल्या सामानात टॅम्पॉन असत. पण लग्न न झालेल्या मुलीला किंवा गावाकडून थेट आलेल्या बाईला ते वापरणे अशक्यच वाटे. ऐंशीच्या दशकात आशियाई स्त्रियांसाठी वेगळी आश्रयगृहे निघाली, त्यामागे भाषेइतकाच या रोजच्या गोष्टींचा वाटा होता.

पण खरा अडसर दाराच्या आतला नव्हता, दारावरचा होता. तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे.

ब्रिटनमध्ये लग्नाच्या परवान्यावर आलेल्या व्यक्तीला आधी एक वर्ष ‘परीक्षा’ म्हणून काढावे लागे. लग्न टिकले तरच कायम राहण्याची परवानगी. ही मुदत २००३ मध्ये दोन वर्षे आणि २०१२ मध्ये पाच वर्षे झाली. या मुदतीत तिला ‘सार्वजनिक निधीचा आधार नाही’, असा शिक्का तिच्या परवान्यावर असे. आता आश्रयगृह चालते कसे, ते पाहा. तिथे राहणाऱ्या बाईच्या खोलीचे भाडे सरकारच्या घरभाडे भत्त्यातून मिळते. तोच घराच्या उत्पन्नाचा मुख्य भाग असतो. पण हा भत्ता म्हणजेच सार्वजनिक निधी. म्हणून या शिक्क्याची बाई दारात आली की आश्रयगृहापुढे दोनच पर्याय राहत : तिचा सगळा खर्च देणग्यांतून सोसणे, किंवा तिला परत पाठवणे. अनेक ठिकाणी तिला परत पाठवले जाई. नवऱ्यांना आणि सासरच्यांना हा नियम चांगला ठाऊक असे. ‘घरातून गेलीस तर तुला विमानात बसवतील,’ ही धमकी खोटी नव्हती.

साउथॉल ब्लॅक सिस्टर्सनी एका वर्षाच्या या नियमाविरुद्ध नव्वदच्या दशकात मोहीम चालवली. जून १९९९ मध्ये सरकारने सवलत दिली : छळामुळे लग्न मोडल्याचे सिद्ध केले तर बाईला देशात राहू देऊ. सिद्ध कसे करायचे? न्यायालयाचा आदेश, शिक्षा किंवा पोलिसांची नोंदवलेली ताकीद. जिने कधी पोलिसांना फोन केला नाही, तिच्याकडे यातले काय असणार? २००२ मध्ये ही सवलत नियमावलीत आली आणि पुराव्याच्या अटी थोड्या सैल झाल्या. पण अर्जाचा निकाल लागेपर्यंत खायचे काय आणि राहायचे कुठे, हे तसेच राहिले. २००९ मध्ये एक प्रायोगिक योजना आली, आणि १ एप्रिल २०१२ पासून अशा बायकांना तीन महिने सार्वजनिक निधी मिळू लागला. या सगळ्याला एकूण वीस वर्षे लागली. तीही फक्त पती-पत्नीच्या परवान्यावर आलेल्यांसाठी. विद्यार्थिनी म्हणून, पाहुणी म्हणून, घरकामाच्या परवान्यावर आलेली किंवा परवाना संपलेली बाई अजूनही बाहेरच होती.

मधल्या काळात खुद्द संघटनेचे अस्तित्वही धोक्यात आले. २००८ मध्ये ईलिंगच्या स्थानिक परिषदेने केवळ अल्पसंख्याक स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा निधी थांबवून सर्वांसाठी एकच सेवा द्यायचे ठरवले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि जुलै २००८ मध्ये परिषदेला निर्णय मागे घ्यावा लागला. समान वागणूक म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचे कपडे शिवणे नव्हे, हे तत्त्व त्या निकालाने अधोरेखित केले. आधी सांगितलेल्या टॅम्पॉनच्या पेटीची आठवण ठेवली तर हे तत्त्व समजायला जड नाही.

सुटे पैसे मिळणार नाहीत

निर्वासित म्हणून आश्रय मागणाऱ्या बायकांची वाट वेगळी, पण खड्डे तेच. युद्धातून, छळातून किंवा घरातल्याच माणसांच्या सुडातून पळून आलेल्या या बायकांना १९९९ च्या कायद्याने सामान्य सरकारी भत्त्यांतून काढून वेगळ्या व्यवस्थेत टाकले. एप्रिल २००० पासून एकट्या प्रौढ व्यक्तीला आठवड्याला ३६.५४ पौंड मिळत. त्यातले फक्त १० पौंड रोख, बाकीची कुपने. कुपने ठरावीक दुकानांतच चालत. आणि नियम असा की कुपनाच्या किमतीपेक्षा कमी रकमेची खरेदी केली तर दुकानदार सुटे पैसे परत देणार नाही.

या नियमाचा अर्थ पॅडच्या पुड्याजवळ येऊन कळतो. पाच पौंडांच्या कुपनावर दीड पौंडाचा पुडा घेतला तर साडेतीन पौंड दुकानदाराला. म्हणून आणखी काही उचलायचे, बेरीज करायची, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्यांच्या देखत ती बेरीज चुकली की एखादी वस्तू परत ठेवायची. कोणती वस्तू परत ठेवली जाई? मुलाचे दूध तर नक्कीच नाही. टीका वाढल्यावर २००२ मध्ये कुपने बंद झाली. पण अर्ज फेटाळला गेला तरी मायदेशी परतता येत नाही, अशांना २००९ पासून ‘अझूर’ नावाचे कार्ड मिळू लागले : आठवड्याला ३५.३९ पौंड, रोख काहीच नाही, ठरावीक दुकाने सोडून कुठेही चालणार नाही. बसचे भाडे कार्डावर देता येत नसल्याने बायका सुपरमार्केटपर्यंत मैलोन्‌मैल चालत जात. कोपऱ्यावरच्या दुकानात पॅड असले तरी ते त्यांच्यासाठी नव्हते.

२०१८ मध्ये आश्रय मागणाऱ्यांची रोख मदत आठवड्याला ३७.७५ पौंड होती. त्यात जेवण, कपडे, प्रवास, फोन आणि औषधपाणी. कोविडच्या काळात अनेकांना हॉटेलांत ठेवले. जेवण आणि गरजेच्या वस्तू हॉटेल देते, या हिशेबाने सुरुवातीला रोख काहीच दिले नाही. ऑक्टोबर २०२० पासून आठवड्याला ८ पौंड दिले. हॉटेलच्या स्वागतकक्षात बसलेल्या अनोळखी माणसाकडे पॅड मागणे, हे १९२० च्या त्या काउंटरवरच्या पेटीपेक्षाही मागे जाणे होते.

करातून मदत, मदतीतून कर

आता दुसरी गोष्ट. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला आणि त्याच वर्षी मूल्यवर्धित कर लागू झाला. चैनीच्या वस्तूंवर कर, गरजेच्या वस्तूंना सूट, असे ढोबळ सूत्र होते. अन्न, मुलांचे कपडे, पुस्तके करमुक्त. केक करमुक्त, पण चॉकलेट लावलेले बिस्कीट करपात्र. म्हणून ‘जाफा केक’ हा केक की बिस्कीट, यावर १९९१ मध्ये रीतसर लवाद बसला, आणि तो केक ठरला. सॅनिटरी पॅड मात्र पहिल्या दिवसापासून करपात्र. दर १० टक्क्यांपासून सुरू होऊन १९९१ मध्ये साडेसतरा टक्क्यांवर गेला. बऱ्याच आंदोलनांनंतर १ जानेवारी २००१ पासून तो ५ टक्के झाला. युरोपीय नियमांप्रमाणे त्याच्याखाली जाता येत नव्हते.

आपल्याकडेही फार वेगळे नव्हते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा कुंकू, टिकल्या, बांगड्या करमुक्त होत्या आणि सॅनिटरी पॅडवर १२ टक्के होते. सौभाग्याला सूट आणि अडचणीला कर! वर्षभराच्या आंदोलनानंतर जुलै २०१८ मध्ये तो काढला.

ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये लॉरा कॉरिटन या विद्यार्थिनीने हा कर हटवण्यासाठी अर्ज सुरू केला. त्यावर लाखो सह्या झाल्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये पार्लमेंटमध्ये चर्चा झाली, तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य ‘ही उत्पादने’ असे म्हणत राहिले आणि नेमका शब्द उच्चारा म्हणून सहकारी स्त्री सदस्याला त्यांना सुनवावे लागले. म्हणजे ‘अडचण’ ही केवळ आपल्या भाषेची मिरास नव्हे.

कर काढता येत नाही, असे सांगून अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी २५ नोव्हेंबर २०१५ रोजी तोडगा जाहीर केला : या करातून दरवर्षी जमणारे सुमारे दीड कोटी पौंड स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देऊ. त्यातून ‘टॅम्पॉन कर निधी’ झाला. कर बायकांनी भरायचा, आणि त्यातूनच पीडित बायकांना मदत करायची. पुरुषांच्या मारातून उभ्या राहिलेल्या खर्चासाठी रजस्वला स्त्रियांवर बसवलेली ही पट्टी आहे, अशी टीका तेव्हाच झाली. २०१७ मध्ये गर्भपाताला विरोध करणाऱ्या ‘लाइफ’ या संस्थेला या निधीतून अडीच लाख पौंड मिळाले, तेव्हा संताप आणखी वाढला.

पण याच निधीतून २०१७ मध्ये अडीच लाख आणि २०१९ मध्ये सुमारे १० लाख ९० हजार पौंड साउथॉल ब्लॅक सिस्टर्सना मिळाले. कशासाठी? सार्वजनिक निधीचा आधार नसलेल्या, म्हणजे आश्रयगृहाच्या दारातून परत पाठवल्या जाणाऱ्या बायकांच्या निवासासाठी आणि हातखर्चासाठी. सरकारने आपल्या तिजोरीतून ज्यांना द्यायचे नाकारले होते, त्यांना पॅडवरच्या करातून दिले. त्या बायकांनी हातखर्चातून पॅड घेतले, तेव्हा त्यावर पाच टक्के कर पुन्हा भरला. माझ्या मते या अर्धशतकातली सर्वांत बोलकी नोंद हीच आहे. इथे कोणी दुष्टपणा केला नाही. सगळे नियमाप्रमाणे झाले.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ रोजी कर रद्द झाला. आनंदाची गोष्ट, पण ग्राहक बायकांपर्यंत ती फारशी पोहोचली नाही. ‘टॅक्स पॉलिसी असोसिएट्स’ या संस्थेने २०२२ मध्ये किमतींचा अभ्यास केला, तेव्हा कर वाचल्याचा किमान ८० टक्के फायदा विक्रेत्यांनीच ठेवल्याचे दिसले. कर गेला तसा करावर उभा असलेला निधीही संपला. त्याच वर्षी कौटुंबिक अत्याचाराचा कायदा झाला. स्थलांतरित बायकांनाही समान संरक्षण द्यावे, अशी दुरुस्ती लॉर्ड्सनी सुचवली होती. सरकारने ती नाकारली आणि त्याऐवजी १५ लाख पौंडांची एक प्रायोगिक योजना दिली. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या इस्तंबूल करारावर ब्रिटनने २०१२ मध्ये सही केली, २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली. पण छळ झालेल्या स्थलांतरित बाईला स्वतंत्र निवासपरवाना देण्याचे कलम ५९ राखून ठेवले.

मागावे लागते की मिळते

२०१६ मध्ये केन लोच यांचा ‘आय, डॅनियल ब्लेक’ हा चित्रपट आला. त्यात दोन मुलांची एकटी आई दुकानात पॅड चोरताना पकडली जाते. धर्मादाय अन्नपेढीवर तिला अन्न मिळालेले असते, पॅड मिळालेले नसतात. त्याच वर्षी गॅबी एडलिन ही तरुणी लंडनमध्ये आश्रय मागणाऱ्यांच्या एका मदतकेंद्रात काम करत होती. सामानाच्या यादीत पॅड नाहीत, हे तिच्या लक्षात आले. विचारल्यावर उत्तर मिळाले की ते फक्त निकडीच्या वेळी देतो. पाळी दर महिन्याला येते. तिच्यातली निकड कोणती आणि नेहमीचे कोणते, हे ठरवणार कोण? त्यातून ‘ब्लडी गुड पीरियड’ ही संस्था सुरू झाली. पुढे निर्वासित स्त्रियांच्या एका संघटनेबरोबर तिने केलेल्या पाहणीत बायकांनी सांगितले की पॅड मिळत नाहीत तेव्हा त्या कागद, फाडलेले कपडे, मुलांचे लंगोट असे काहीबाही वापरतात.

जागतिक पातळीवर हा विचार थोडा आधीपासून होता. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी २००० पासून आपत्तीतल्या स्त्रियांना पॅड, साबण, आतले कपडे असलेली ‘सन्मान पेटी’ देतो. मदतकार्याची मानके ठरवणाऱ्या ‘स्फिअर’ पुस्तिकेने २०१८ मध्ये पाळीच्या व्यवस्थापनाला स्वतंत्र मानक दिले : वस्तू, पाणी, आडोसा, विल्हेवाट, आणि कोणती वस्तू हवी हे बायकांनाच विचारणे. पण ही मानके निर्वासितांच्या छावण्यांसाठी. लंडनमधल्या भाड्याच्या खोलीत राहणारी निर्वासित बाई त्या नकाशात नव्हती.

मग एकेक दार उघडत गेले. २०१९ मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या पोलिसांच्या नियमावलीत बदल झाला : कोठडीत आलेल्या स्त्रीला पॅड हवे आहेत का, हे लवकरात लवकर विचारायचे आणि मोफत द्यायचे. त्याच वर्षी इस्पितळांत, आणि २०२० पासून इंग्लंडच्या शाळांत मोफत पॅड आले. कैदी, रुग्ण, विद्यार्थिनी अशी एकेक ओळख मान्य होत गेली. यातली कोणतीच ओळख नसलेली, रात्री घर सोडून आलेली बाई मात्र पुन्हा एखाद्या संस्थेच्या देणगीवर.

स्कॉटलंडने वेगळा मार्ग घेतला. मोनिका लेनन यांनी मांडलेले विधेयक २४ नोव्हेंबर २०२० रोजी एकमताने संमत झाले, आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथल्या स्थानिक परिषदांवर कायदेशीर बंधन आले : ज्या कोणाला गरज आहे, त्या प्रत्येकाला पाळीच्या वस्तू मोफत मिळतील अशी व्यवस्था करायची. सहज मिळाल्या पाहिजेत, सन्मानाने मिळाल्या पाहिजेत आणि पॅड की टॅम्पॉन हे निवडता आले पाहिजे, असे कायद्यातच लिहिले आहे. मिळकतीचा दाखला मागायचा, परवाना तपासायचा, अशी अट त्यात नाही.

या कायद्याने ग्लासगोतल्या बाईचा मार थांबत नाही, आणि तिच्या परवान्यावरचा शिक्काही पुसला जात नाही. तो लंडनहून येतो. पण ग्रंथालयात किंवा समाजमंदिरात ठेवलेला पुडा ती कोणाला काही न सांगता उचलू शकते. लेखाच्या सुरुवातीला ज्या चार गोष्टी सांगितल्या, त्यांतली एक तिला मिळाली. आडोसा, पाणी आणि पैसे यांसाठी तिला अजून आश्रयगृहाचेच दार ठोठवावे लागते, आणि तिथे आजही पहिल्या फोनवर जे प्रश्न विचारले जातात, त्यांत एक तिच्या परवान्याबद्दल असतो.